ऐंशी पावलांचा बांध

“साहेबांची चप्पल आली बघ. साहेब मागून येतील.”

आमच्या बिल्डिंगचा वॉचमन जिन्याखाली इस्त्री करणाऱ्या मावशींना म्हणाला. मावशी हसल्या आणि लगेच म्हणाल्या, “गप रे, ऐकू जाईल त्यांना.”

“अजून दुसऱ्या मजल्यावर हायेत. खाली येईस्तोवर माझा चहा होईल.”

मी पत्रपेट्यांच्या पलीकडे कुरिअरचं पाकीट घेऊन उभी होते. त्या दोघांना मी दिसत नव्हते. वरून पप्पांच्या चपलेचा आवाज येत होता. फस्स, फस्स, मग जिन्याच्या वळणावर थोडं थांबणं, मग पुन्हा फस्स. तो आवाज मला गेल्या हिवाळ्यापासून ओळखीचा होता. पण तो घराबाहेर कोणाला ऐकू येत नाही, असं मी धरून चालले होते.

मी पुढे आले असते तर वॉचमन ओशाळला असता. तो वाईट माणूस नाही. लिफ्ट बंद असली की आमचा सिलिंडर तोच वर आणून देतो. मी पाकिटावरचा आमचा पत्ता वाचत राहिले. पप्पा शेवटची पायरी उतरले आणि नेहमीसारखं त्याला म्हणाले, “काय रे, चहा झाला का?”

“होतोय साहेब,” तो खाली बघत म्हणाला.

पप्पा गेटमधून जॉगिंग ट्रॅककडे गेले. मी घरी आले. मम्मीने विचारलं, “एवढा वेळ खाली काय करत होतीस?” मी म्हटलं, “काही नाही.” आमच्या घरात माझं हे सगळ्यात जास्त वापरलेलं वाक्य असेल.

हे झालं शनिवारी. दुसऱ्या दिवशी आम्हाला दिंडोरीला मामाच्या मळ्यात जायचं होतं, आणि तिथे पप्पांना चालायचं होतं. फिरायला म्हणून नाही. मोजायला.

पप्पा सरकारी मोजणी खात्यात होते. चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. त्यांच्या काळात साखळी होती, मग टेप, मग मशीन आलं. पण शेतात उतरल्यावर सामान गाडीतून काढायच्या आधी ते एकदा पावलांनी चालून बघायचे. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्या साहेबांनी त्यांना जमिनीवर साखळी अंथरून तिच्या शेजारून रोज सकाळी चालायला लावलं होतं, पाऊल बसेपर्यंत. ‘पाऊल बसलं’ असं ते लोक म्हणायचे. पप्पांचं अडीच फुटांवर बसलं. चाळीस पावलं म्हणजे शंभर फूट. एकदा बसलेलं पाऊल मरेपर्यंत हलत नाही, असं ते सांगायचे आणि आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना ते खरं करून दाखवायचे.

इंदिरानगरमधला हा फ्लॅट बघायला आले तेव्हा बिल्डरचा माणूस नकाशा उलगडून बोलत होता. पप्पांनी त्याचं बोलणं संपायची वाट न बघता हॉल चालून काढला. आठ पावलं. “वीस फूट. नकाशा बरोबर आहे तुमचा,” ते म्हणाले. मम्मी ही गोष्ट अजून सांगते. मंगल कार्यालयात गेलो की पप्पा आधी स्टेजपर्यंतची पावलं मोजायचे, मग आहेर द्यायला वर जायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील असं करतात.

चालण्याशी माझंही एक नातं आहे, पण ते शब्दांचं.

सहावीत असताना आमच्या इंग्लिशच्या मिसने फळ्यावर ‘वॉक्ड’ लिहिलं आणि त्यावर मोठी फुली मारली. आजपासून निबंधात हा शब्द कोणी लिहायचा नाही, म्हणाल्या. माणूस नुसता चालत नाही, कसा तरी चालतो. मग फळा भरला. स्ट्रोल, स्ट्राइड, मार्च, लिंप, टिपटो, वॉडल, ट्रज, अँबल, स्टॅगर. यादी वहीत उतरवून झाल्यावर मिसने चिठ्ठ्या वाटल्या. ज्याला जो शब्द येईल त्याने पुढे येऊन तसं चालून दाखवायचं, बाकीच्यांनी ओळखायचं.

माझ्या चिठ्ठीवर ‘शफल’ होतं. मी पुढे गेले आणि उभी राहिले. मला अर्थ माहीत होता. पाय न उचलता, जमिनीला घासत चालायचं. पण चाळीस जण बघत असताना माझा पाय घासलाही जाईना. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “मिस, हिला ‘स्टँड’ची चिठ्ठी आलीय.” सगळे हसले. मिसही थोड्या हसल्या आणि “नेक्स्ट” म्हणाल्या. डायरीत शेरा आला की मुलगी हुशार आहे पण सहभाग घेत नाही.

संध्याकाळी तो शेरा पप्पांनी वाचला. ते ओरडले नाहीत. त्यांनी माझी वही मागितली. त्यांचं इंग्रजी ऑफिसातल्या अर्जांचं, त्यात हे शब्द कधी आलेच नव्हते. “तू अर्थ सांग, मी चालतो,” म्हणाले. आणि ते चालले. मार्च झाला, टीपॉयला वळसा घालून. स्ट्राइड म्हणजे लांब ढांग, हे सांगितल्यावर म्हणाले, “ही तर माझीच, पुढची घे.” स्ट्रोलला हात मागे बांधले. टिपटोला चवड्यांवर स्वयंपाकघरात जाऊन मम्मीच्या मागे उभे राहिले, ती दचकली आणि दोघांनाही बोलली. मग शफल आला. मी म्हटलं, “थकलेली माणसं चालतात तसं. म्हातारी माणसं.” पप्पांनी मम्मीच्या स्लिपर्स घातल्या, त्यांची टाच बाहेर राहत होती. पाठीत वाकले आणि सगळा हॉल पाय घासत गेले. फस्स, फस्स. मला हसून उचकी लागली. “आता तू,” म्हणाले. मी त्यांच्या मागे निघाले. आम्ही दोघं एकामागे एक घासत गॅलरीपर्यंत गेलो आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी मिसने मला विचारलंच नाही. पण ते शब्द माझ्याकडे राहिले.

मी आता घरूनच काम करते, एका कंपनीसाठी इंग्रजी मजकूर तपासते. माणसांशी बोलायची वेळ कमी येते. आली की मी त्यांच्या पायांकडे बघते. ट्रॅकवर कोणी ओळखीचं दिसलं आणि बोलायचं नसलं, तर मनात त्यांच्या चालीला शब्द लावत पुढे जाते. समोरच्या काकू वॉडल, बदकासारख्या डुलत. त्यांचा मुलगा, फोनवर, रमतगमत, अँबल. शब्द लागला की मला सुरक्षित वाटतं. त्या माणसाचं काहीतरी माझ्याकडे येतं, माझं त्याच्याकडे काही जात नाही.

मराठीत चालीचे शब्द नाहीत असं नाही. भरपूर आहेत. पण ते मला यादीतून मिळाले नाहीत, कोणाच्या ना कोणाच्या तोंडून मिळाले, आणि बहुतेक वेळा अंगावर आले. पाय ओढत काय चालतेस. रखडू नकोस. फेंगडी चालू नकोस, लोक बघतात. हे शब्द उच्चारले की समोरच्याला लागतात, कारण ते मलाही लागलेले आहेत. इंग्रजी शब्द मात्र काचेच्या कपाटातल्या कपबशांसारखे. बघायचे, वापरायचे नाहीत.

म्हणून गेल्या हिवाळ्यात एका सकाळी पप्पा पेपर आणायला दारापर्यंत गेले आणि माझ्या डोक्यात ‘शफल’ हा शब्द आला, तेव्हा आधी काय वाटलं ते मला लिहायला लाज वाटते. मला बरं वाटलं. शब्द अगदी बरोबर बसला म्हणून. नंतर भीती वाटली.

मी फोनमध्ये लिहून ठेवायला लागले. डावा पाय जास्त. वळताना तीन-चार छोटी पावलं. चालताना डावा हात हलत नाही. मे महिन्यात पप्पांनी गाडीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “आता तूच चालव, तुला सवय पाहिजे.” तेही लिहिलं. एकदा मी हे सगळं इंटरनेटवर शोधलं, एका आजाराचं नाव पुन्हा पुन्हा आलं, आणि मी लॅपटॉप बंद करून भांडी घासायला गेले. मम्मी म्हणाली, “आज काय विशेष?”

मम्मीला आवाज ऐकू येत होता, पण तिच्या मते दोष चपलेचा होता. चप्पल सैल झालीय, सोल झिजलाय. द्वारका चौकाजवळच्या एका दुकानातून तिने त्यांना मागून पट्टा असलेली नवी चप्पल आणली. ती महिनाभरात पुढून झिजली. मग तिने बूट आणले, पण ट्रॅकवर ते चप्पलच घालायचे.

तर त्या रविवारी पप्पांनी तेच बूट घातले होते. गाडी मी चालवत होते. मामाची द्राक्षबाग रस्त्याला लागून आहे, आणि तिच्या पलीकडे आबांची. आबा मामाचे शेजारी, सत्तरीच्या पुढचे. ती सगळी जमीन पूर्वी एकाची होती. मामाने आणि आबांनी ती मिळून घेतली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. रस्त्याकडची बाजू मामाची, मागची आबांची, मध्ये बांध घालायचा. तो बांध कुठे घालायचा हे पप्पांनी पावलांनी सांगितलं होतं. रस्त्याच्या खुणेच्या दगडापासून ऐंशी पावलं, म्हणजे दोनशे फूट. नंतर सरकारी मोजणी करून घ्या, असंही त्यांनी दोघांना बजावलं होतं. दोघांनीही केली नाही. साहेबांचं पाऊल पडलंय, आता मशीन कशाला.

आता छाटणी तोंडावर आली होती आणि मामाला बांधावर तारेची जाळी ठोकायची होती. “दाजी, ठोकायच्या आधी एकदा चालून घ्या,” तो म्हणाला होता. “आबा आहेत तोवर सगळं गोडीत आहे. उद्या पोरं भांडायला नकोत.”

पप्पा दगडाला पाठ लावून उभे राहिले. आबा त्यांच्या शेजारी उभे राहिले, कारण पहिल्या वेळीही तेच शेजारून मोजत गेले होते. मी आणि मामा मागे. चालणं सुरू झालं. आबा त्यांची पावलं मोठ्याने मोजत होते. साठ, एकसष्ट. ऐंशी म्हणाले तेव्हा दोघं थांबले. बांध अजून पुढे होता. मध्ये द्राक्षाच्या तीन ओळी उभ्या होत्या.

पप्पा पुन्हा चालायला लागले. बांधाला बूट टेकले तेव्हा आबा म्हणाले, “ब्याण्णव.”

“ढेकळं आहेत दाजी,” मामा म्हणाला. “पाऊल नीट पडत नाही इथं. पुन्हा एकदा घ्या.”

पुन्हा घेतलं. त्र्याण्णव आलं.

मी खाली बघितलं. ओळींमधली माती नुकतीच मोकळी केलेली होती. आबांची पावलं वेगवेगळी उठली होती, एक खळगा, मग मोकळी जागा, मग दुसरा खळगा. त्यांच्या शेजारून पप्पांच्या दोन रेघा गेल्या होत्या. दगडापासून बांधापर्यंत, मध्ये कुठेही न तुटलेल्या. उत्तर तिथे जमिनीवर पडलं होतं, आणि मामा हिशेब करत आकाशाकडे बघत होता.

आबांनी मात्र बघितलं. आधी त्या रेघांकडे, मग माझ्याकडे. मी मान फिरवली.

“ऱ्हाऊ द्या साहेब,” आबा म्हणाले. “बांध काय पायानं चालत येतो व्हय? जिथं हाय तिथं हाय.”

“नाही आबा.” पप्पांचा आवाज ऑफिसातला झाला होता. “बारा पावलं म्हणजे तीस फूट. या तीन ओळी तुमच्या आहेत.”

“दाजी, चेष्टा करताय का?” मामा हसायचा प्रयत्न करत म्हणाला.

“तेव्हा माझं चुकलं असणार. मेव्हण्याचं काम होतं. कळत नकळत हात सैल सोडला असेल मी.”

“म्हणजे आख्ख्या तालुक्याची जमीन काटेकोर मोजली आणि माझ्याच वेळी हात सैल झाला? लोकांना सांगू नका हे, मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

“म्हणून तर सांगायला पाहिजे. पुढच्या रविवारी टेप घेऊन येतो. आबा, तुमच्या पोरांनाही बोलवा. टेपने जे येईल ते सगळ्यांसमोर.”

मामीने जेवण केलं होतं, पण पप्पांनी ताटावर बसून नुसता भात चिवडला. परत येताना द्वारकेच्या सिग्नलला बराच वेळ अडकलो. पप्पा काचेतून बाहेर बघत म्हणाले, “माझ्या शब्दावर त्या माणसाने एवढी वर्षं काही विचारलं नाही. आणि मी त्याची जमीन माझ्या मेव्हण्याला दिली.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. वाक्य तयार होतं. हिरवा लागला, मागच्या रिक्षाने हॉर्न वाजवला, मी गिअर टाकला.

तो आठवडा मला अजून सलग आठवत नाही, तुकडेच आठवतात. पप्पांनी माळ्यावरून जुन्या डायऱ्या काढायला लावल्या. ज्या कामांत मशीन यायच्या आधी त्यांनी पावलांनी खुणा दिल्या होत्या, ती शोधत बसले. एका वहीच्या पानावर नुसती गावं आणि गट नंबर. “इथलंही चुकलं असेल,” असं म्हणत एकेकापुढे टिंब काढत होते. जुन्या सहकाऱ्याकडून लांब टेप मागवून घेतला. तो पिवळ्या डब्यात गुंडाळलेला टीव्हीशेजारी ठेवला होता. मी येता-जाता त्याच्याकडे बघायचे. रविवारी तो टेप दगडापासून बांधापर्यंत जाणार, दोनशे फूट दाखवणार, आणि मामा, आबा, आबांची मुलं, मजूर, सगळे आधी टेपकडे बघणार आणि मग पप्पांच्या पायांकडे.

न बोलले तर हे होणार होतं. बोलले तर त्यांच्या कामावरचा डाग मी पुसणार होते आणि त्याच हाताने त्यांच्या पायांकडे बोट दाखवणार होते. दोन्हीतलं कमी वाईट कोणतं, हे मला ठरवता येईना. खरं म्हणजे मी ठरवत नव्हतेच, दिवस जाऊ देत होते.

बुधवारी मी स्वयंपाकघरात गेले. मम्मी भेंडी चिरत होती.

“मम्मी, चप्पल नाहीये.”

“काय नाहीये?”

“कारण. चप्पल हे कारण नाहीये.”

ती चिरत राहिली. मग म्हणाली, “मला दिसत नाही असं वाटतं का तुला? मी त्यांच्या शेजारी चालते रोज.”

“मग?”

“मग काय. एकदा बोललं की रोज बोलावं लागेल. डॉक्टर, तपासण्या, हे. होईल तेवढं लांबवते मी.” सुरी थांबली. “तुला गप्प बसायला छान जमतं. तेवढं कर.”

शुक्रवारी संध्याकाळी मी पप्पांसोबत ट्रॅकवर गेले. लोक आम्हाला ओलांडून पुढे जात होते, अगदी छोटी मुलं आणि गुडघ्याला पट्टा बांधलेले आजोबासुद्धा. पप्पांना त्याचं काही वाटत नव्हतं, ते अजून त्या तीन ओळींतच होते. मला वाटलं, इंग्रजीत बोलावं. त्या भाषेत कोणाला लागत नाही. आणि त्यातलाही एकच शब्द, वाक्य नको.

“पप्पा,” मी म्हटलं, “शफल.”

ते थांबले. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या आठवड्यात पहिल्यांदा गेल्या.

“ते तुझं चालण्याचं होमवर्क,” ते म्हणाले. “मम्मीच्या स्लिपर्स. आहे की लक्षात.” आणि ट्रॅकच्या कडेला होऊन, पाठीत वाकून, त्यांनी मला चालून दाखवलं. फस्स, फस्स, दहा-बारा पावलं. मग मागे वळून, हसून, “असंच ना?”

मग ते सरळ झाले आणि आपले नेहमीसारखे चालायला लागले. मी मागून बघत होते. खेळ कुठे संपला आणि चालणं कुठे सुरू झालं, ते मला सांगता आलं नसतं. फक्त पाठ सरळ झाली होती.

“हो, असंच,” मी म्हटलं.

रविवारी सकाळी साडेसातला मी तयार होऊन बाहेर आले. पप्पा हॉलमध्ये होते. इस्त्रीचा शर्ट, बूट, टेपचा डबा सोफ्यावर ठेवलेला. ते गॅलरीच्या दाराला पाठ लावून उभे होते, मळ्यात दगडाला पाठ लावून उभे राहिले होते तसे. मला बघून म्हणाले, “टेपचं दुसरं टोक तू धर आज. मामाला नको. लोक म्हणतील घरातलाच माणूस.”

“मीपण घरातलीच आहे.”

“तू बोलत नाहीस. तुझ्यावर विश्वास ठेवतील.”

मग ते चालायला लागले. मला कळलं की निघण्याआधी त्यांना एकदा खात्री करून घ्यायची होती. आमच्या हॉलमध्ये दोन फुटी फरशा आहेत, दहा फरशा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. माझ्या लहानपणी त्यांचं पाऊल फरशीची रेघ ओलांडून चांगलं वीतभर पुढे पडायचं, म्हणून दहा फरशा आठ पावलांत संपायच्या. आज पाऊल रेघेच्या किंचित पुढे पडत होतं आणि तिथेच राहत होतं. ते पुटपुटत मोजत होते. सात. आठ. आठला ते मधेच उभे राहिले, शोकेसच्या थोडं पुढे. पुढची भिंत अजून दूर होती. नऊ. आणि वर एक अर्धवट पाऊल, ज्याला आकडा नव्हता.

ते भिंतीपाशी उभे राहिले, हात भिंतीला लावून. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. मम्मी दारात आली होती, ओले हात तसेच.

पप्पा वळले. वळायला त्यांना चार छोटी पावलं लागली.

“हा हॉल वीसच फूट आहे ना गं?” त्यांनी मला विचारलं. मम्मीला नाही, मला. “का मधे आपण काही काम करून घेतलं होतं? भिंत वगैरे?”

मम्मीने माझ्याकडे बघून मान हलवली, अगदी थोडी. नको. मी तिच्याकडे बघितलं आणि मग पप्पांच्या बुटांकडे, जे पुढून पांढरे पडले होते. सहावीत फळ्यासमोर उभी राहिले होते तशीच मी उभी होते. ते भिंतीला हात लावून माझ्या उत्तराची वाट बघत होते, एखाद्या शेतकऱ्याने त्यांच्याकडे बघावं तसे, की तुम्ही म्हणाल ते.

मी टेपचा डबा उचलून शोकेसमध्ये ठेवला आणि त्यांच्याजवळ गेले.

“हॉल वीसच फूट आहे, पप्पा,” मी म्हटलं. “मामाचा बांधपण जागच्या जागी आहे. तुमचं तेव्हा काही चुकलं नव्हतं. तुमचं पाऊल लहान झालंय.”